मास्तरांचा कान

"तुझा गेला, माझाही गेला. कान शाबूत! जा, कामाला लाग."

हे वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकलं. म्हणणारे गृहस्थ पन्नाशीचे, ठेंगणे, पांढऱ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात तीन नादकाटे बाळगणारे. नादकाटा म्हणजे पोलादाचा दोन दातांचा चिमटा. आपटला की एकच सूर धरून घुमत राहतो. ते काटा स्वतःच्या गुडघ्यावर आपटत, त्याची दांडी रोग्याच्या कानामागच्या हाडावर टेकवत आणि विचारत, "आहे?" रोगी म्हणे, "आहे." पुन्हा, "आहे?" शेवटी रोगी म्हणे, "गेला." त्याच क्षणी ते काटा उचलून आपल्या कानामागे टेकवत आणि डोळे मिटून घेत. आपल्याला सूर अजून ऐकू आला, तर रोग्याचा कान अधू. आपल्यालाही ऐकू आला नाही, तर रोग्याचा कान आपल्याइतकाच चांगला. मग डोळे उघडून ते वाक्य. पाठीवर एक थाप, आणि "पुढचा कोण?"

परळच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची मागणी नुकती जोर धरत होती. मी गिरगावातली. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांतून कारकुनी करणाऱ्या. मुलीने इंटर सायन्स होऊन परळला नोकरी धरली, हे कुणाला पचलं नव्हतं. "कान तपासायचे? लोकांचे?" असं माझी आत्या दर सणाला विचारी, जणू मी कानातला मळ काढायला दारोदार फिरते. पहिल्या दिवशी मी भेदरलेलीच होते. मास्तरांनी मला खिडकीपाशी बसवलं.

"उजेडात बस गो बाय. तोंड दिसू दे. तोंड दिसल्याशिवाय माणूस कळत नाय."

मला ते बोलणं फार आवडलं. घरी जाऊन आईला सांगितलंसुद्धा.

त्यांना मास्तर का म्हणत, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मालवणाकडून पंधराव्या वर्षी मुंबईत आले, लालबागच्या एका गिरणीत बारा वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काम केलं. मग या रुग्णालयात वॉर्डबॉय झाले. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांचा हात हेरला. काटा कुठे टेकवायचा, किती दाबायचा, कधी उचलायचा, हे त्यांनी मास्तरांना शिकवलं, आणि काही वर्षांत डॉक्टरच स्वतःचं निदान मास्तरांकडून ताडून घेऊ लागले. रात्रशाळेत जाऊन मास्तर इंग्रजीही शिकले. गिरणगावात ते 'चिमटेवाले मास्तर' म्हणून ओळखले जात. त्यांच्या काट्यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मी फक्त वही लिहायची. ते सांगत, मी लिही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या एका कामात ती इतकी पक्की असतात की, आजूबाजूचे सगळे आपली घड्याळं त्यांच्यावर लावतात.

आणखी काही गोष्टी मी रोज पाहत होते. काट्याच्या जोडीला कुजबुजीचीही एक तपासणी असे. रोग्याला पाठमोरं उभं करायचं आणि मागून हलक्या आवाजात आकडे म्हणायचे. त्याला ते परत म्हणता आले तर ठीक. मी लागले तेव्हा मास्तरांची कुजबुज पडद्याबाहेर येत नसे. तिसऱ्या वर्षी ती केसपेपरच्या खिडकीपर्यंत ऐकू जाऊ लागली. "सत्तावीस! त्रेचाळीस!" नर्सेस हसत. एक केरळी सिस्टर तर बाहेर उभ्या उभ्या आकडे उलट म्हणून दाखवी. मीही हसे. मी कान तपासायचं काम शिकत होते, आणि मी हसत होते.

शिवाय सभा. त्या दिवसांत भिंती घोषणांनी भरलेल्या असत, आणि आठवड्यातून एखादी तरी मोठी सभा असेच. मास्तर एकही सभा चुकवत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला विचारत, "काय गो, काल काय म्हणाला तो?"

"मास्तर, तुम्हीच होतात ना तिथे?"

"होतो गो. पण तू पेपरातून सांगतेस तां बरां वाटतां."

मी वाचून दाखवी. टाळ्यांची वाक्यं आली की ते मांडीवर थाप मारत. जणू पहिल्यांदाच ऐकत आहेत!

मग विभागात कान तपासायचं विजेचं यंत्र आलं. लोखंडी पेटी, तिच्यावर दोन चकत्या, आणि कानांवर घालायचे दोन जाड रबरी डबे. जाड्या सुरापासून अगदी बारीक सुरापर्यंत हवा तो सूर हव्या तितक्या मोठ्या आवाजात त्यातून काढता येई. रोग्याला ऐकू आलं की त्याने बोट वर करायचं. त्यावरून कागदावर रेघ काढायची. रेघ वर राहिली तर कान चांगला, खाली घसरली तर तेवढा बहिरेपणा. यंत्रासाठी एक कोठी रिकामी करून तिच्या चारही भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या. आत गेलं की आपलाच श्वास ऐकू येई.

यंत्राबरोबर विलायतेहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टरही आले. त्यांनी ठरवलं की, मुंबईतल्या रुग्णालयांतून जे कान तपासण्याचं काम करतात, त्यांच्यासाठी सहा शनिवार दुपारी उजळणीचा वर्ग घ्यायचा. आम्ही आठजण होतो. मास्तर सगळ्यांत वडील.

"वीस वर्षं कान तपासतंय. आता माका शाळेत घालतंत," ते मला म्हणाले. पण पहिल्या शनिवारी सर्वांत आधी येऊन बसले ते तेच. बदामी कागदाचं कव्हर घातलेली वही, दोन पेन्सिली, आणि फळ्याच्या अगदी समोरची जागा. डॉक्टर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ते लगेच म्हणत, "डॉक्टर, इकडे बघून सांगा. मागच्यांना ऐकू येत नाय." मागे मी होते. मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटे, मास्तर आमची काळजी घेताहेत.

तिसऱ्या शनिवारी वर्ग झालाच नाही. शहरात गोळीबार झाला होता. रुग्णालयाच्या आवारात डोकी फुटलेली माणसं ओळीने झोपवली होती, आणि आम्ही आठहीजण पट्ट्या बांधत होतो. चौथ्या शनिवारी पुन्हा जमलो, तेव्हा डॉक्टरांनी गोंगाटाचा विषय घेतला. त्यांनी फळ्यावर एक रेघ काढली. निम्म्या वाटेपर्यंत सरळ, आणि मग एकदम खाली कोसळलेली.

"गोंगाटाने कान मरतो तो वरच्या सुरांकडून मरतो," डॉक्टर म्हणाले. "आधी बारीक सूर जातात. जाडे सूर पुष्कळ दिवस राहतात. त्यामुळे त्या माणसाला वाटतं, आपल्याला ऐकू येतंय. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. हे हळूहळू होतं, म्हणून त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. आणि एकदा गेलेलं औषधाने परत येत नाही. गोंगाटातून बाहेर काढलं, तर उरलेलं वाचतं, इतकंच."

मास्तरांनी रेघ वहीत अगदी तशीच उतरवली. "म्हणजे साचेखात्यातले सगळेच," ते म्हणाले.

"सर्वांत आधी तेच."

"पण आमच्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच जणांचे कान शाबूत निघतात, डॉक्टर. मी स्वतः बघतो."

"आश्चर्य आहे," डॉक्टर म्हणाले, आणि पुढे शिकवू लागले.

पाचव्या शनिवारी यंत्रावर प्रत्यक्ष काम होतं. चांगल्या कानाची रेघ कशी असते ती आधी पाहू, असं डॉक्टर म्हणाले. कुणी तरी बसायला हवं. आम्ही सगळ्यांनी एकमुखाने मास्तरांना पुढे ढकललं. "मास्तरांच्या कानावर तर आम्ही शिकलो!" असं मीच म्हणाले. ते माझेच शब्द होते.

मास्तर खुर्चीत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली, कानांवर डबे चढवले. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नात फोटोला बसलेल्या माणसाचं गांभीर्य होतं. डॉक्टर पेटीपाशी, आणि आम्ही सातजण गाद्यांना टेकून दाटीवाटीने उभे. जाड सूर सुरू झाले. मास्तरांचं बोट वर. पुढचा सूर, बोट वर. डॉक्टर कागदावर खुणा करत होते.

मग बारीक सूर आला. बोट वर झालं नाही. डॉक्टरांनी आवाज वाढवला. बोट मांडीवरच. आणखी वाढवला. त्यांनी डब्यांची वायर तपासली, चकती मागे-पुढे केली. पुन्हा वाढवला. आणि तेव्हा त्या बंद, मुक्या खोलीत आम्हा सगळ्यांना एक शिट्टी ऐकू येऊ लागली. बारीक, सरळ, सुईसारखी. ती मास्तरांच्या कानांवरच्या डब्यांच्या कडेतून बाहेर येत होती. मी तीन हातांवर उभी होते, आणि मला ती खुपत होती. मास्तर तिच्या अगदी आत बसले होते. चेहऱ्यावर तेच गांभीर्य, बोट तयारीत.

"चालू करा की, डॉक्टर," ते म्हणाले.

माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून उभी राहिली. डॉक्टरांनी डबे काढून माझ्या कानांवर घातले, यंत्र बिघडलं असेल या आशेने. यंत्र ठणठणीत होतं. पुन्हा मास्तर. दुसरा कान. तसाच.

डॉक्टर कागद लपवू पाहत होते, पण मास्तरांनी हात पुढे केला. तीन शनिवार ते रेघ वाचायला शिकले होते. त्यांनी कागद खिडकीकडे नेला. पाहिला. स्वतःची वही उघडून शेजारी धरली.

"ह्यो साचेवाल्याचो कान," ते म्हणाले. दुसऱ्या कुणाचं निदान करावं, तसे.

मग त्यांनी खिशातला सर्वांत छोटा काटा काढला. गिरणीतल्या माणसांना ते बारीक सुराचा हाच काटा लावत. गुडघ्यावर आपटून तो त्यांनी आपल्या कानामागे टेकवला. थोड्याच वेळात डोळे उघडले आणि काटा माझ्या कानामागे धरला.

"आहे?"

मला सूर स्वच्छ ऐकू येत होता. खोटं बोलावंसं वाटलं. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"आहे, मास्तर."

"आहे?"

"आहे."

"अजून?"

"आहे."

असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. शेवटी एकदाचा माझा सूर गेला. मी "गेला" म्हणाले. ते खुर्चीत बसले.

"म्हणजे, त्यांचा गेला... माझाही गेला..." एवढंच बोलले. पुढचे दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. आम्हा सर्वांना ते पाठ होते.

सोमवारी मी कामावर आले, तर ते आधीच येऊन बसले होते. टेबलावर मागल्या वर्षांच्या वह्यांची चळत. साचेखात्यातून आलेला आणि 'श्रवण सामान्य' शेरा मिळालेला प्रत्येक माणूस ते कागदावर उतरवत होते. त्या शेऱ्याला किंमत होती. कान अधू असल्याची रुग्णालयाची चिठ्ठी असेल, तरच गिरणीचा डॉक्टर माणसाला साच्यावरून कमी गोंगाटाच्या खात्यात पाठवी. नसेल तर तो पुन्हा त्याच साच्यावर जाई. दुपारपर्यंत नावांनी चार पानं भरली.

विभागाच्या प्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. मी दाराशी होते. "मास्तर, झालं ते झालं," प्रमुख म्हणाले. "आजपासून यंत्रावर तपासू. जुनं उकरून काढलंत तर लोक या दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. कुणी विचारलंय का तुम्हाला?"

"नाय विचारलां," मास्तर म्हणाले. "त्यांका म्हायतच नाय, तर विचारतीत कसां?"

तिन्ही काटे त्यांनी प्रमुखांच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर आले. त्यानंतर त्यांनी कुणाचाही कान तपासला नाही. तरुण डॉक्टर मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. जो येईल त्याला मी फेरतपासते, असं मीही सांगितलं.

यादीतलं पहिलं नाव पाहून मी हबकले. भिकाजी. साचेवाला, करी रोडला राहणारा. मी नोकरीला लागले त्या वर्षी तो तीनदा येऊन गेला होता. तिसऱ्या खेपेला मास्तर त्याच्यावर ओरडले होते, आणि वहीत शेरा होता: 'श्रवण सामान्य. कामाची टाळाटाळ.' सांगितलं मास्तरांनी. अक्षर माझं होतं.

यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. रविवारी सकाळी ते आणि मी करी रोडला त्याच्या चाळीत गेलो. जिन्यात कुणीतरी विचारलं, "मोर्च्यासाठी नावं घेताय काय? आमची लिवलेली हत." पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई मांदेली साफ करत बसली होती. तिने मास्तरांना ओळखलं, पण उठली नाही.

"तुमी चिमटेवाले मास्तर नाय? तीनदा इलेले हे तुमच्याकडे. तुमीच सांगितलात ना, कान बरे आसत म्हणान?" तिने सुरी खाली ठेवली. "आता कायच आयकूक येणा नाय ह्यांका. चेडू बोलूक लागला, तां ह्यांनी आयकलाच नाय."

चेडू म्हणजे मुलगी. अडीच वर्षांची असेल, आईच्या पाठीमागून आमच्याकडे पाहत होती आणि सारखी काहीतरी बडबडत होती. भिकाजी खोलीच्या दाराशी दाढी करत बसला होता. ती त्याच्या पाठीमागे जाऊन बोलू लागली, तरी त्याचं वस्तऱ्याचं काम शांतपणे चाललं होतं.

मास्तर त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. भिकाजीने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "मास्तर!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारची दारं उघडली. "येवा, येवा! गो, चाय ठेव!" त्याला वाटलं, मास्तर सहज भेटायला आले.

मग जे झालं तसं मी कधीच पाहिलं नव्हतं. मास्तर बोलू लागले, पण आवाज नव्हता. नुसते ओठ, मोठे आणि सावकाश हलणारे, आणि हातांच्या खुणा. साचेखात्याच्या गदारोळात माणसं अशीच बोलतात, दोन साच्यांच्या अंतरावरून. भिकाजीही तसाच उत्तर देऊ लागला. चाळीच्या त्या गॅलरीत दोन बहिरी माणसं समोरासमोर बोलत होती, आणि धडधाकट कानांची मी एकटी अशी होते की जिला अवाक्षर कळत नव्हतं. भिकाजीची बायको एके काळी गिरणीत कामाला होती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात मला सांगू लागली.

"मास्तर म्हणतंत, मी भयरो आसंय. तू इलंस तेव्हाय होतंय. तुजो कान गेल्लो तो माका कळलो नाय, कारण माजोय गेल्लो."

भिकाजीच्या गालावर साबण तसाच होता. त्याने काहीतरी विचारलं.

"काय म्हणाले?" मी बाईला विचारलं.

"इचारतंत, तेव्हा बदली गावली असती, तर रवलो असतो काय कान?"

मास्तरांना 'नाही' म्हणता आलं असतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. मनातल्या मनात मी त्यांना तेच म्हणा म्हणत होते. त्यांनी मान होकारार्थी हलवली, आणि अंगठा व बोट यांत थोडं अंतर धरून दाखवलं. थोडा राहिला असता.

भिकाजीने वस्तरा पाण्यात बुडवला आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

तो शिव्या देता, अंगावर आला असता, तर बरं झालं असतं. जो डोळ्यांनी ऐकतो त्याने पाठ फिरवली, की त्याच्याशी बोलायचा कुठलाच मार्ग राहत नाही. बाईने चहा ठेवला नाही. मुलगी तेवढी बडबडत होती.

परतताना ते पुढे चालत होते. मी मागून "मास्तर" म्हणून हाक मारली. ते थांबले नाहीत. पुन्हा मारली. मग एकदम लक्षात आलं आणि मी धावत जाऊन त्यांच्या पुढे झाले. ट्रामच्या थांब्यावर ते मला म्हणाले, "बाय, दोन वर्षां सभेक जातंय. भाषण कळत नाय. लोक हात वर करतंत तेव्हा मी करतंय. माका वाटायचां, कर्णेच खराब आसत." ते हसले. मला रडू आवरेना. तीन वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसले होते.

पुढचे तीन रविवार ते भिकाजीकडे गेले. तो दर वेळी पाठ करून बसला. इतर घरी मात्र वेगळं झालं. कुणी ऐकून घेतलं, एकाने दार लावून घेतलं, एका म्हाताऱ्या साचेवाल्याने मास्तरांनाच धीर दिला. बरीच माणसं फेरतपासणीला आली. काहींचे कान नुसते वाहत होते किंवा मळाने बंद झाले होते. ते बरे झाले. बाकीच्यांच्या रेघा मास्तरांच्या रेघेसारख्याच कोसळलेल्या निघाल्या. पण चिठ्ठी मिळाली आणि त्यातल्या काहींच्या बदल्या झाल्या. जे साच्यावरच राहिले, त्यांना मास्तर कापसाला व्हॅसलीन लावून कानात बोळे घालायला शिकवत. ते टिंगल करत. मास्तर स्वतःच्या रेघेचा कागद खिशातून काढून त्यांच्यापुढे धरत.

एका सोमवारी भिकाजी आला. कडेवर मुलगी. रांग तोडून सरळ आत शिरला आणि त्या मोठ्या, बेसूर झालेल्या आवाजात म्हणाला, "माका ओठ वाचूक येतां. ह्या चेडवाक माझ्याशी बोलूक शिकवा. तां माझ्याकडे बघून बोलणा नाय."

मास्तरांनी मुलीला खिडकीपाशी, उजेडात उभं केलं. स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले. आधी बाबांच्या हाताला हात लावायचा. ते बघेपर्यंत थांबायचं. मग बोलायचं, हळू. ओरडायचं नाही. तिने बापाच्या हाताला हात लावला आणि खुदकन हसून पळाली. त्या दिवशी एवढंच झालं. पण दर सोमवारी भिकाजी तिला घेऊन येऊ लागला. क्षमेबिमेचं काही बोलणं त्या दोघांत झाल्याचं मला ठाऊक नाही. पुढे इतरही आपली बायकामुलं घेऊन येऊ लागले, आणि कोठीशेजारच्या व्हरांड्यात मास्तरांचा खरोखरीचाच वर्ग भरू लागला.

उजळणी वर्गाची दुसरी तुकडी आली, तेव्हा मास्तरांनी डॉक्टरांना सांगून पहिल्याच दिवशी आपली रेघ फळ्यावर लावायला लावली. आलेल्यांपुढे उभं राहून ते म्हणाले, "ही माझी. आता तुमची काढा." तपासणाऱ्याने वर्षातून एकदा स्वतः खुर्चीत बसायचं, हा नियम त्या दिवसापासून आमच्याकडे आहे. चांगले शिकलेले लोक त्या खुर्चीत बसताना घाम पुसत. मीही पुसे.

महाराष्ट्र राज्य झालं, तेव्हा लालबागला ढोल-ताशांनी रस्ता भरून गेला होता. मास्तर ढोलवाल्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले, छातीवर पंजा ठेवून. मला म्हणाले, "ढोल हयसर आयकूक येता." त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि गावी गेले.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं. दोन ओळी. मी ते पर्समध्ये टाकलं आणि दुपारची सगळी माणसं तपासली. संध्याकाळी घरी न जाता करी रोडला गेले.

भिकाजी गॅलरीत विडी ओढत बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला ओठ हलवता येईनात. मुलगी आतून आली. आता ती शाळेत जात होती. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते अक्षर जुळवत वाचलं. मग बापाच्या दंडाला हात लावला, त्याने मान वळवेपर्यंत थांबली, आणि हळू, ओठ नीट उघडत म्हणाली,

"मास्तर वारले."

तो तिच्या ओठांकडे वाकला. तिने पुन्हा सांगितलं.

"कधी?" त्याचा आवाज सगळ्या चाळीत गेला. लोक बाहेर आले.

"आठ दिवस झाले," मुलीने सांगितलं.

भिकाजीने विडी विझवली. तो उठला, सदरा काढून दोरीवर टाकला, बादली घेतली आणि गॅलरीच्या टोकाच्या नळाखाली जाऊन बसला. घरचं माणूस गेल्याचं कळल्यावर करतात, तशी त्याने डोक्यावरून अंघोळ केली. मुलगी पंचा घेऊन शेजारी उभी होती.